एकेरी खुर्ची

एसटीडीचा बूथ चालवणाऱ्या माणसानं कान झाकून बसावं असा काही नियम नाही, आणि असता तरी मला तो पाळता आला नसता. माझा बूथ आमच्या आळीच्या तोंडाशी. काचेची खोली म्हणायची, पण वर वीतभर फट. शिवाय परदेशी बोलताना आमची माणसं इतक्या जोरात बोलायची की तार मध्येच तुटली तरी आवाज पोचावा! त्यामुळे मी स्वतः कधी विमानाची शिडी चढलो नसलो तरी विमानांचे किस्से माझ्याकडे, घरोघरी मातीत घालून ठेवलेल्या आठळ्यांसारखे साठलेत. एक काढायला हात घातला की चार वर येतात.

त्यातले बहुतेक नाना आणि माईंचे. माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नाना कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, काडीसारखे. उजवा गुडघा कलमावरून पडून कायमचा आखडलेला. माई त्यांच्या खांद्याच्याही खाली. एकुलता एक मिलिंद अमेरिकेत, तोही मोठ्या शहरात नाही, आपल्या लांज्यासारख्या कुठल्याशा आडगावी. मोठं विमान त्या गावाला जातच नाही, असं तो फोनवर सांगायचा. नाना ओरडून म्हणायचे, "म्हणजे एसटी बदलून एशियाडनं जायचं, तसं ना?" तिकडून मिलिंद म्हणायचा, "नाना, उलटं. एशियाडनं येऊन मग लाल डब्यात बसायचं."

*

पहिल्या खेपेला मिलिंदनं त्यांना लाल डब्यानंच नेलं. मोठ्या शहरात उतरायचं आणि तिथून लहान जेटनं थेट त्याच्या गावी. पन्नासेक माणसांचं विमान. परत आल्यावर नानांनी ओट्यावर बसून आम्हाला त्याचं वर्णन ऐकवलं. डाव्या हाताला एकेक खुर्ची, उजव्या हाताला दोन-दोन, आणि मधली वाट एवढी अरुंद की सुपारीच्या बागेतला पाट बरा. नाना दारातून आत गेले ते ताठ मानेनं, आणि टाळकं आपटलं. मग संपूर्ण विमानभर वाकून चालले.

"गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं रे दिगंबरा," ते मला म्हणाले. "फक्त पुढे देव नाही, संडास आहे."

*

देव होता, तो माईंच्या पिशवीत. त्यांचा बाळकृष्ण. घरात पूजा करणारं कोणी नाही म्हणून त्या त्याला बरोबर घेऊन निघालेल्या. मोठ्या विमानात पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात गेली. लहान विमानात तो कप्पा पोळपाटाएवढा. तिथे रीत अशी की हातातलं सामान शिडीच्या पायथ्याशी द्यायचं, ते पोटात ठेवतात आणि उतरल्यावर तिथेच परत देतात.

माई शिडीशी अडून बसल्या. "देव सामानात जात नाही," असं त्यांनी त्या गणवेशातल्या गोऱ्या माणसाला स्वच्छ मराठीत सांगितलं. मागे रांग लागली. शेवटी त्यांनी बाळकृष्ण काढून पदरात घेतला आणि पिशवी दिली. त्या माणसानं, का कोण जाणे, पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

आत पट्टे तपासायला आलेल्या मुलीनं पदरात काय आहे म्हणून विचारलं. नानांना पटकन इंग्रजी शब्द सुचेना. ते म्हणाले, "बेबी." तिनं वाकून पाहिलं, गंभीरपणे मान हलवली, आणि माईंचा पट्टा थोडा सैल करून बाळकृष्ण आत घेऊन पुन्हा आवळला. उतरताना तिनं माईंना नमस्कार केला आणि त्याला वेगळा टाटा!

*

आता मुख्य भांडण. ते त्याच विमानात सुरू झालं.

नानांनी डावीकडची एकेरी खुर्ची धरली. त्यांचं म्हणणं, ही खुर्ची म्हणजे राजाची. खिडकीही आपली, वाटही आपली, हात ठेवायच्या दांड्यावरून कोणाशी झटापट नाही, आणि आखडलेला पाय वाटेत लांब सोडता येतो. माईंना पलीकडची दुहेरीतली जागा मिळाली. त्यांच्या शेजारी, खिडकीत, एक दाढीवाला. तो झोपेत त्यांच्या खांद्यावर कलायचा. माई पदर सावरून, बाळकृष्णाला धरून, वाटेच्या कडेला अंग चोरून बसलेल्या. मध्ये नानांचा पाय.

"लग्नाला चाळीस वर्षं होत आली," माई माझ्या बायकोला सांगत होत्या. "मी ह्यांच्याबरोबर कधी कुठे गेले? माहेर मालगुंडला, ते पण हे सोडायला यायचे आणि उलट्या पावली जायचे. एकदा आयुष्यात आभाळात गेले, तर तिथे पण हे एकेरी बसले."

नानांनी बाजू सावरायला दुसरी गोष्ट सांगितली. विमान सुटायच्या आधी एका बाजूला वजन जास्त झालं म्हणून दोघातिघांना उठवून डावीकडे बसवलं, त्यात नाना. "माझ्या बसण्यानं विमान सरळ झालं," ते म्हणाले. नानांचं वजन ते काय, ओल्या धोतरासकट पन्नास किलो!

माई आतून म्हणाल्या, "घर सरळ ठेवायला कधी उठला होतात का?"

*

आमच्या ओट्यावरच्या बैठकीत खरा विमानातला माणूस एकच, इस्माईलभाई. आळीच्या पलीकडच्या टोकाला त्यांचं घर. आखातातल्या बंदरावर क्रेन चालवायचे, आता कायमचे परत आलेले. नाना-माईंचं थेट की बदलून हे भांडण फारच रंगलं, तेव्हा दोघांनीही त्यांना पंच नेमलं. माईंचं मत असं की मोठ्या शहरातून पुढे दोन मोठी विमानं घ्यावीत आणि मिलिंदच्या जवळच्या दुसऱ्या गावी उतरावं, तिथून त्याची मोटार. मधे एका गावी बदलावं लागलं तर लागू दे, पण मोठ्या विमानात तीन-तीन खुर्च्या, शेजारी बसता येतं, चहा मिळतो, संडासात वळता येतं. नानांचं मत, थेट ते थेट.

इस्माईलभाई नेहमी चेष्टेत बोलणारे. त्या दिवशी नाही बोलले. म्हणाले, "माई, मी पण जन्मभर बदलूनच आलो. मोठं विमान, मधे कुठेतरी उतरायचं, पाय मोकळे करायचे, खुर्चीत झोप काढायची. मजा वाटायची. मग अम्मीची खबर आली. थेट विमान होतं, लहान होतं. मी म्हटलं, कशाला, नेहमीचंच बरं. पहिलं विमान उशिरा पोचलं, पुढचं निघून गेलेलं. आमच्यात थांबत नाहीत, समजलाव ना? मी आळीत शिरलो तेव्हा लोक कबरस्तानातून परत येऊन पाय धूत होते."



"तीन मुठी माती द्यायची असते," ते म्हणाले. "माझी राहिली. तेव्हा खुर्ची एकेरी असू दे, दुहेरी असू दे. वाटेत उतरू नका."

*

तरी दुसऱ्या खेपेला माई जिंकल्या. नातू झाला होता, आणि आजीचं मन मोडायची मिलिंदची छाती झाली नाही. दोन मोठी विमानं, शेजारी-शेजारी खुर्च्या. निघताना माईंनी नवं लुगडं नेसलं. हातावर दही घालताना माझी बायको म्हणाली, काय माई, लग्नाला निघाल्यासारख्या निघालात. माई चक्क लाजल्या.

पहिलं विमान छान गेलं. माई खिडकीत, नाना शेजारी, पाय कसाबसा दुमडून. मग मधलं गाव आलं. तिथल्या विमानतळाची लांबी म्हणजे आपल्या स्टँडपासून बंदरापर्यंत, असं नाना सांगायचे. चाकाची खुर्ची आली, तर नाना बसेनात. कोर्टात उभ्यानं नोकरी केलेला माणूस मी, म्हणाले. माईंना बसवलं, मांडीवर सगळ्या पिशव्या दिल्या आणि हे लंगडत मागून.

पुढच्या विमानाच्या दारापाशी खुर्च्यांच्या रांगा. गर्दी वाढायला लागली. आता नाना पडले एसटीचे प्रवासी. आपल्याकडे गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, रुमाल पडला की जागा आपली, हा कायदा. नानांनी दोन शेजारच्या खुर्च्या बघितल्या, एकीवर रुमाल पसरला, दुसरीवर मेतकुटाची पिशवी ठेवली आणि दोघं निवांत हातपाय धुवायला गेली.

परत येऊन बघतात तर सगळी माणसं पन्नास हात लांब उभी केलेली, भोवती दोरी, आणि एक कुत्रा त्यांच्या पिशवीकडे टक लावून बसलेला. बेवारशी सामान! नाना दोरी उचलून आत जायला लागले, "अहो, ती जागा आमची आहे," असं म्हणत. त्यांना दोन पोलिसांनी दंडाला धरलं. पिशवी उघडली. कुत्र्याला मेतकुटाच्या वासानं शिंका आल्या म्हणतात, पण हे नानांनी पदरचं घातलेलं असावं.

पोलीस समजूतदार निघाले. चौकशी मात्र एवढी चालली की विमान गेलं. मग विमान कंपनीच्या बाईनं त्यांची कीव येऊन त्यांना दुसऱ्या विमानात बसवून दिलं. ते थेट मिलिंदच्या गावी जाणारं होतं. लहान. डाव्या हाताला एकेक खुर्ची, उजव्या हाताला दोन-दोन.

माईंना दुहेरीतली एक मिळाली, शेजारी परकी बाई. आणि नाना? माई म्हणायच्या, "तिकिटावर काय लिहिलं होतं मी पाहिलं नाही. मी एवढंच पाहिलं की ह्यांनी एकेरी खुर्ची पाहिली आणि ह्यांचा चेहरा फुलला."

मिलिंदच्या घरी पोचेपर्यंत त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

*

त्यानंतर आळीत नानांचं नाव 'एकेरी' पडलं. मीच पाडलं असेल. भाजीवालीनं विचारलं, नाना कुठेत, तर माई सांगायच्या, "आमचे एकेरी आत झोपलेत." नाना हसायचे. पण एके सकाळी ते माझ्या बूथमध्ये आले, दार ओढून घेतलं आणि मिलिंदला फोन लावला. मी बाहेर बसून वहीवर रेघा मारत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"पुढच्या खेपेला दोन मोठी विमानं बघ," नाना ओरडत होते. "शेजारी-शेजारी. तिला खिडकी."

तिकडून मिलिंद गुडघ्याचं काहीतरी म्हणाला असावा. थेट बरं, वगैरे.

"गुडघा माझा आहे," नाना म्हणाले. "तुझ्या आईला शब्द दिलाय मी. नाही, अजून नाही दिला, आज देणार आहे."

बाहेर येऊन त्यांनी मला दटावलं, "माईला आधीच सांगू नकोस मेल्या." मी नाही सांगितलं. माझ्या आयुष्यात मी पोटात ठेवलेली ती एकमेव बातमी असेल.

*

पुढची खेप झाली नाही. नानांच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलात खाट भिंतीला लावलेली आणि नातेवाइकांना एकच स्टूल. मी डबा घेऊन गेलो की माई त्या स्टुलावर दिसायच्या. गुडघे खाटेला टेकलेले, हात नानांच्या उशीजवळ.

एकदा नाना मला म्हणाले, "दिगंबरा, बघ, बसलोय की नाही शेजारी? तरी हिचा राग गेलेला नाही. विचार तिला."

मी हसत विचारलं. माई हसल्या नाहीत.

"आहे राग," त्या म्हणाल्या. "असा कसा जाईल? बरे व्हा, विमानात शेजारी बसा, मग जाईल. तोवर नाही जायचा."

नानांनी डोळे मिटून मान हलवली. तडजोड मान्य असल्यासारखी. कोर्टातले ना ते.

बाहेर आल्यावर माई पायरीवर थांबल्या. "राग गेला म्हटलं असतं तर निवांत झाले असते रे ते," एवढंच म्हणाल्या.

ह्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाना गेले.

*

मिलिंदला फोन मीच लावून दिला, माईंच्या घरी नव्यानंच आलेल्या फोनवरून. तिकडे भर थंडी. त्याच्या गावाहून सुटणारी सगळी लहान विमानं बर्फामुळे रद्द. हवा बिघडली की आधी लहान गाड्या बंद होतात, तसंच. तो म्हणाला, मोटारीनं दुसऱ्या गावी जातो, तिथून मोठं विमान, मग आणखी एक बदलून मुंबई. किती वेळ लागेल सांगता येत नाही. थांबू नका.

माईंनी फोन घेतला. "घाई करू नको," म्हणाल्या. "वाटेत जेव काहीतरी." आणि फोन ठेवून आमच्याकडे बघितलं. चुलत पुतण्या होता, तो अग्नी द्यायला तयार होता. सगळे म्हणाले, माई, उन्हं वाढतायत.

इस्माईलभाई अंगणाच्या कडेला उभे होते. ते तिथूनच निघून गेले. थोड्या वेळानं आळीत टेम्पो शिरला. मागे भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. बंदरावर मासळीसाठी बर्फ मिळतो ना, तो. इस्माईलभाई स्वतः एक लादी गोणपाटात घेऊन दारापर्यंत आले आणि तिथे थबकले. आत ब्राह्मणाचं घर, मासळीचा बर्फ. ज्या नानांनी जन्मात बाजाराच्या त्या बाजूला पाऊल टाकलं नाही, त्यांच्यासाठी.

"माई," ते म्हणाले, "माझ्या वेळी नाही थांबलं. ह्यांचं थांबवू या."

कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. माईंनी दार पूर्ण उघडलं. "या आत," म्हणाल्या. "उशाशी ठेवा."

मिलिंद पोचला. दुसऱ्या दिवशी, तारवटलेल्या डोळ्यांनी, अंगात जाड कोट तसाच. त्याला बाप बघायला मिळाला. लाद्या निम्म्या वितळल्या होत्या. अंगणभर पाणी, आणि त्याला बंदराचा वास. इस्माईलभाई पायरीवर बसले होते, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. मिलिंद आत गेला तसे ते उठून घरी गेले.

*

आता शेवटचा.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी गेलो. मिलिंदनं पिंड ठेवले, दहीभात ठेवला, आणि सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते. बांधावरच्या माडावर दोन, ओढून ठेवलेल्या होडीवर चार. बघत होते, पण एक पुढे येईना.

अशा वेळी मेलेल्या माणसाचं काय मनात राहिलं असेल ते बोलून शब्द द्यायचा असतो. मिलिंदनं हात जोडले. म्हणाला, "आईला एकटी ठेवणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. "कलमं विकणार नाही." नाही. "मुलाची मुंज इथे घरी करीन." एक कावळा माडावरून होडीवर आला, तेवढंच. पुतण्या काहीतरी म्हणाला. मीही म्हणालो, आळीतर्फे, माईंकडे लक्ष ठेवीन म्हणून. ते तर मी न सांगताच ठेवतो, कावळ्यांना ठाऊक असणार.

ऊन चढलं. भटजी दोनदा म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू या, तोही चालतो. मिलिंदचा चेहरा बघवेना. इस्माईलभाई लांब, बांधाच्या पलीकडे उभे होते. ते तिथूनच मला म्हणाले, "दिगू, घरी फोन लाव. माईंना विचार."

माझ्याकडे नवाच मोबाईल होता. रेंजसाठी बांधावर चढावं लागलं. माईंनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी म्हटलं, माई, शिवत नाही. नानांचं काय राहिलं असेल?

 

माई म्हणाल्या, "त्यांना सांग, एकेरी खुर्चीत बसा म्हणावं. पाय लांब सोडून बसा. माझा राग नाही."

मी बांधावरून उतरलो. एवढ्या माणसांत हे मोठ्यानं कसं म्हणायचं ते कळेना, पण फोनवर ओरडून बोलायची सवय कामी आली. तोंडाशी हात धरून होडीकडे बघत ओरडलो, "नाना, माई म्हणतायत, एकेरी खुर्चीत बसा. पाय लांब सोडून बसा. त्यांचा राग नाही."

भटजी माझ्याकडे बघत राहिले. मिलिंदनं तोंडावर पंचा घेतला.

आणि मी हात खाली घेतो न घेतो तोच कावळा शिवला.

मी परत बांधावर धावलो. फोन चालूच होता, माईंनी ठेवला नव्हता. "माई, शिवला," मी म्हटलं.

"कुठल्या हाताकडून आला?" त्यांनी विचारलं.

मी आठवून सांगितलं, "डाव्या."

"हं," माई म्हणाल्या. "वाटलंच." आणि त्यांनी फोन ठेवला.